प्लेऑफ्सच्या तोंडावर बाक किती लांब ठेवावा?

मांडवीकर, रत्नागिरी

मार्च सरत आला की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या चर्चेत ‘आता रोटेशन आठ जणांवर येणार’ (म्हणजे आलटून पालटून आठच जण खेळणार) हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्याचे कारण विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. प्लेऑफ्समध्ये, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेरीत, रोटेशन आखडणे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो नियमित मोसमाच्या शेवटच्या पंधरा-वीस सामन्यांतच ते आखडून घेण्याला. याच काळात नवव्या आणि दहाव्या खेळाडूला ठरावीक काम देऊन मैदानात उतरवले पाहिजे, कारण जो मार्चभर बाकावर बसून राहिला, तो मे महिन्यात एखाद्या मालिकेच्या मध्यावर अचानक उपयोगी पडेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला ठेवणे होय.

सॅन अँटोनियोच्या २०१३-१४ च्या संघाचे उदाहरण घ्या. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्या मोसमात एकाही खेळाडूला सरासरी ३० मिनिटे खेळवले नाही, तरीही संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले. प्लेऑफ्समध्ये डंकन आणि लेनर्ड यांची मिनिटे तिशीपलीकडे गेली, पण बाकावरचा प्रत्येक जण तोवर कामाला लागलेला होता. अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात स्प्लिटरच्या जागी बोरिस डियाव सुरुवातीपासून खेळू लागला आणि त्यानंतर मायामीला एकही सामना जिंकता आला नाही.

याच्या उलट चित्र २०२४-२५ च्या न्यूयॉर्क निक्सचे आहे. प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी सुरुवातीच्या पाच जणांवर इतका भार टाकला की सरासरी मिनिटांच्या यादीत संपूर्ण लीगमध्ये जॉश हार्ट पहिला होता. इंडियानाविरुद्धच्या मालिकेत पहिले दोन सामने घरच्या मैदानावर गमावल्यानंतर त्यांना लँड्री शॅमेट आणि डिलॉन राइट यांची आठवण झाली. त्या दोघांनी तिसऱ्या सामन्यात २० गुणांची पिछाडी भरून काढायला हातभार लावला. मग इतके दिवस त्यांना बाकावर कशासाठी ठेवले होते?

देवगडकर

मांडवीकर, आपण दिलेले दुसरे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. ज्या निक्सवर आपण टीका करता, त्यांनी त्याच मोसमात गतविजेत्या बोस्टनला हरवून २००० नंतर प्रथमच ईस्टर्न कॉन्फरन्सची (लीगच्या पूर्व गटाची) अंतिम फेरी गाठली. (बोस्टनच्या टेटमच्या दुखापतीचा त्यात वाटा होता हे मान्य, पण तो जखमी झाला त्या चौथ्या सामन्यातही निक्सच जिंकले होते.) पाच जणांनी मोसमभर एकत्र घालवलेली मिनिटे वाया गेली असे म्हणणाऱ्याने या निकालाचेही उत्तर द्यायला हवे.

रोटेशन आखडण्याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. नियमित मोसमात लागोपाठ दोन रात्री सामने येतात. प्लेऑफ्समध्ये दोन सामन्यांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा मिळतो. त्यामुळे जो खेळाडू जानेवारीत ३४ मिनिटांत थकत होता, तो मे महिन्यात ४० मिनिटे खेळू शकतो. दुसरे कारण अधिक निर्दय आहे. सात सामन्यांच्या मालिकेत प्रतिस्पर्धी प्रशिक्षक तुमच्या बचावातला कच्चा दुवा शोधतो आणि स्क्रीन लावून (सहकाऱ्याकरवी बचावपटूची वाट अडवून) आपला सर्वोत्तम खेळाडू पुन्हा पुन्हा त्याच्याच समोर आणतो. नियमित मोसमात तीन गुणांच्या फेकींवर खपून जाणारा नववा खेळाडू तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो. २०२३ मध्ये विजेत्या ठरलेल्या डेनव्हरने प्लेऑफ्समध्ये सुरुवातीच्या पाच जणांखेरीज मुख्यतः ब्रूस ब्राउन, क्रिश्चन ब्राउन आणि जेफ ग्रीन या तिघांवरच भिस्त ठेवली होती.

हे आठ जण कोण, ते शेवटच्या महिन्यात ठरले नाही तर एकमेकांच्या सवयी त्यांना कळणार केव्हा? आमच्याकडे आंब्याची आढी एकदा लावली की रोज उचकटून पाहत नाहीत. शिवाय प्लेऑफ्समध्ये घरच्या मैदानाचा लाभ मिळवायचा असेल, तर मार्चमधले सामनेही जिंकावेच लागतात. ते प्रयोगशाळा म्हणून वापरता येत नाहीत.

वेंगुर्लेकर

दोघेही मिनिटांचा हिशेब मांडत आहेत, तर मला प्रश्न भूमिकेचा वाटतो. आंद्रे इग्वोडाला हा खेळाडू २०१४-१५ पूर्वीच्या संपूर्ण कारकिर्दीत प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळला होता. वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला बाकावरून येण्यास राजी केले आणि नियमित मोसमात एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाच जणांत घेतले नाही. क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत वॉरियर्स १-२ असे मागे पडले, तेव्हा चौथ्या सामन्यात बोगटला बसवून त्याला पहिल्या पाचांत आणले गेले; पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. मोसमातली त्याची मिनिटे अगदी नगण्यही नव्हती आणि फार मोठीही नव्हती. तो तयार होता, कारण आपले काम काय आणि आपण बाकावर का आहोत हे त्याला माहीत होते.

त्याच मालिकेतल्या वॉरियर्सच्या डेव्हिड ली याची चर्चा कमी होते. ड्रेमंड ग्रीनमुळे त्याची जागा गेली होती आणि संघात त्याला जवळपास कामच उरले नव्हते, तरीही तिसऱ्या सामन्यात त्याने येऊन चौथ्या क्वार्टरमध्ये संघाला सामन्यात परत आणले. देवगडकरांच्या आठ जणांच्या यादीत त्याला जागा मिळाली नसती आणि मांडवीकरांच्या ‘मार्चभर खेळवा’ या नियमातही तो बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट घडले. निक्सच्या मिकाल ब्रिजेस याने मिनिटांबाबत प्रशिक्षकांशी बोलल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि थिबोडो म्हणाले की असे बोलणे झालेच नाही. बाक लांब असो वा आखूड, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात एवढे अंतर पडले असेल, तर रोटेशनचा तक्ता कितीही नीट आखला तरी काय उपयोग?

मांडवीकर, रत्नागिरी

वेंगुर्लेकर ताई, भूमिकेचा मुद्दा मी मान्य करतो, पण केवळ सांगण्याने भूमिका अंगात भिनत नाही. कोणत्या जोडीदाराबरोबर उतरायचे, चेंडू कोणाच्या हाती असेल, आपण कोपऱ्यात उभे राहायचे की स्क्रीन लावायची, हे प्रत्यक्ष सामन्यातच कळते. डेनव्हरचेच पाहा. मुख्य खेळाडू योकिच बाकावर बसला की त्यांची आघाडी वितळते हे कित्येक वर्षांचे दुखणे आहे आणि त्यावरचा उपाय म्हणून जमाल मरेला बाकावरच्या चौघांबरोबर खेळवतात. अशा मिश्र पंचकाला सराव लागतो आणि हा सराव केवळ नियमित मोसमातच शक्य असतो. देवगडकर, २०२३ चा क्रिश्चन ब्राउन तेव्हा पदार्पणाच्या वर्षात होता, हे आपण विसरलात. मोसमभर त्याला थोडी थोडी मिनिटे मिळाली होती म्हणूनच अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात बाकावरून येऊन त्याने १५ गुण केले.

निवृत्त क्रीडाशिक्षक, चिपळूण

आपण सर्व जण ४८ मिनिटांच्या आणि सहा फाउलच्या खेळाविषयी बोलत आहात. आपल्याकडच्या शालेय स्पर्धेत सामना ४० मिनिटांचा किंवा त्याहून कमी असतो, पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि जिल्हा पातळीवर एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळावे लागतात. तेही पावसाळ्याच्या शेवटच्या दमट हवेत आणि बऱ्याचदा उघड्या मैदानावर. एनबीए पाहून आठ जणांचे रोटेशन ठरवणाऱ्या तरुण प्रशिक्षकांना माझे सांगणे आहे की दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात तुमचे आठचे पाच होतात. तिथे दहावा मुलगा चैन नसून गरज असतो.

मात्र बाराच्या बारा मुलांना समान वेळ द्यावा या पालकांच्या आग्रहालाही मी कधी बधलो नाही. दहाव्या मुलाला मी एकच काम देत असे: समोरच्या चांगल्या ड्रिबलरला चार मिनिटे मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही, गुण केले नाहीत तरी चालतील. तेवढ्या वेळात माझ्या गार्डला पाणी पिऊन बसता येई आणि त्याच्या नावावर नवा फाउलही लागत नसे.

देवगडकर

सर, शालेय स्पर्धेबाबत आपला अनुभव मोठा आहे आणि तिथे माझा युक्तिवाद लागू नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. मोकळा दिवसच नसेल तर मोकळ्या दिवसावर आधारलेला हिशेब चालणार कसा? एनबीएपुरता मात्र मी ठाम आहे. डेनव्हरने एप्रिल २०२५ मध्ये नियमित मोसमाचे तीनच सामने शिल्लक असताना प्रशिक्षक मायकेल मलोन यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड अॅडेलमन यांच्या हाती नवी घडी बसवायला वेळच नव्हता. त्यांनी रोटेशन आखूड ठेवले, क्लिपर्सना सात सामन्यांत हरवले आणि पुढे विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीलाही सातव्या सामन्यापर्यंत खेचले.

मांडवीकर, रत्नागिरी

आणि तो सातवा सामना ते मोठ्या फरकाने हरले. समोर ओक्लाहोमाचा बाक होता, ज्यावर मोसमभर नऊ-दहा जण आलटून पालटून खेळले होते आणि ज्यातला अॅलेक्स करूसो त्या दिवशी स्वतःहून कितीतरी उंच असलेल्या योकिचच्या अंगाला चिकटून उभा होता. सातव्या सामन्यात ताजे पाय कोणाचे होते, हे देवगडकरांनी तो सामना पुन्हा पाहून सांगावे.