चेक्स, चेकिंग आणि बँकेचा चेक: शब्द एक की तीन?

चेकिंग_टेबल

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकिंगला आहे. सध्या मरून-पांढऱ्या चेक्सचा शर्ट चालू आहे. साध्या कापडात धागे कापले, काज-बटण बघितलं, शिलाई ओढून बघितली की पीस पुढे जातो. चेक्सचं तसं नसतं. खिशावरची रेघ खालच्या कापडाच्या रेघेत मिसळून गेली पाहिजे, आडवीही आणि उभीही. बटणपट्टी लावल्यावर डावी-उजवी बाजू एका ओळीत यायला हवी. सूतभर सरकलं तरी खिसा वरून चिकटवल्यासारखा दिसतो आणि पीस उसवायला परत जातो.

परवा ऑफिसातून निरोप आला, "चेक्सचं चेकिंग झालं का? पार्टी चेक घेऊन बसलीय." माझ्या शेजारी नवीन लागलेली मुलगी आहे, बारावी झालेली, हुशार. तिनं विचारलं, "अक्का, हे तिन्ही चेक एकच का वेगवेगळे?" आमच्या घरी तेलुगू, टेबलावर मराठी, कानडी, उर्दू सगळं चालतं, आणि हे तिन्ही शब्द चारही भाषांत जसेच्या तसे. पण उत्तर कुणालाच आलं नाही. बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं, शेवटी क्यू-यू-ई, म्हणून जास्तच शंका येते. जाणकारांनी सांगावं. ही मुलगी पुढं शिकणार आहे, तिला खरं ते कळायला हवं.

नवी_पेठ

वेगळे असावेत. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ इंग्रजीत एकसारखंच लिहितात, पण दोन्हींचं मूळ निराळं आहे. तसंच काहीतरी.

अडीच_घर

ताई, तिन्ही एकच आहेत. आणि त्यांचा चौथा भाऊ तुम्ही लहानपणापासून मराठीत वापरताय: शह.

मी बँकेत रोखपाल होतो, आता संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यामुळे हा शब्द माझ्या फार जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

आपला चतुरंग इराणात गेला, तिथं त्याचा चत्रंग झाला, अरबांनी त्याचा शतरंज केला आणि त्यांच्याकडून तो युरोपात पोचला. इराणी खेळाडू समोरच्या राजावर चाल करताना "शाह!" म्हणून सावध करायचा. शाह म्हणजे राजा. हाच शब्द अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला तेव्हा 'स्काकस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'चेक'. 'शाह मात'चं 'चेकमेट' झालं. मराठीला एवढा वळसा पडला नाही. दख्खनेत फारसी दरबारात होती, तिथून शह, मात हे थेट आले. मग आपण त्यातून काटशह काढला, संकटावर मात करू लागलो. सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही झगडत होत्या, चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला. त्या 'शाही'तला शाह तो हाच.

आता अर्थ कसे फुटले ते बघा. शह बसला की खेळणाऱ्याचे बाकी सगळे बेत जागच्या जागी थांबतात. हत्ती कुठं न्यायचा, प्यादं कधी ढकलायचं, काही चालत नाही, आधी राजा वाचवायचा. मुलांमध्ये हे रोज दिसतं. एखादा पोरगा घोडा उचलायला हात पुढे करतो, समोरचा "शह!" म्हणतो आणि हात पटाच्या वर तसाच थांबतो. इंग्रजांनी नेमकं हेच उचललं. त्याच चौदाव्या शतकात पटाबाहेरही 'चेक' म्हणजे एकदम रोखणं, आवर घालणं असा अर्थ रुळला.

तपासणे हा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकाच्या अखेरीस पक्का झालेला. मला तो रोखण्यातूनच आला हे अगदी सहज पटतं, कारण तपासणी ही आधी अडवणूक असते. विजापूर रोडला नांदणीच्या चेकनाक्यावर आधी ट्रक थांबतो, मग कागद निघतात. तुमच्या टेबलावरही पीस आधी थांबतो.

बँकेचा चेक ही याच तपासणीची पुढची पायरी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पैसे देणाऱ्या कागदाला चेक म्हणत नव्हते. तो फाडून दिल्यावर मागे जो तुकडा उरायचा, ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो, त्याला चेक म्हणायचे. कुणी आकडा बदलला किंवा खोटा कागद आणला तर या तुकड्याशी जुळवून चोरी पकडायची. पुढे त्याच शतकात हे नाव मागच्या तुकड्यावरून पुढच्या कागदावर सरकलं आणि मूळच्या तुकड्याचं ते नाव गेलं. मी नोकरीत हजारो चेक हाताळले, पण खातेदार काउंटरफॉइल कोरं सोडतो तेव्हा अजूनही जीव तुटतो. नाव ज्याचं होतं तोच तुकडा लोक भरत नाहीत.

आता तुमचं कापड. हा अर्थ राजावरून आला नाही, पटावरून आला. फ्रेंचमध्ये त्याच 'एशेक'वरून पटाला 'एशेकिए' म्हणायचे, त्यावरून इंग्रजीत चौकड्यांना 'चेकर' आणि ते आखडून साधारण १४०० च्या सुमारास 'चेक'. आपण मराठीत चौकडा, चौकडीचं लुगडं म्हणतो, त्याच अर्थानं.

पण या पटाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च ज्या टेबलावर व्हायचा, त्याचं वर्णन रिचर्ड फिट्झनील या खजिनदारानं बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबल, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे सोंगट्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड, कापडावर रेघा मारून घरं पाडलेली. एक घर पेन्सचं, पुढचं शिलिंगांचं, मग पौंडांचं, विसांचं, शेकड्यांचं, हजारांचं. जिल्ह्याचा वसुली अधिकारी येऊन समोर बसायचा. त्याच्याकडून येणं किती आणि त्यानं भरलं किती, हे घरांत सोंगट्या मांडून सगळ्यांदेखत मोजायचे. त्या काळी तिकडे रोमन आकडे होते, शून्य नाही, आकड्याच्या जागेवरून ठरणारी किंमत नाही. लिहून बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोकेफोड. कापडावर मात्र निरक्षर माणसालाही आपला हिशेब डोळ्यांनी दिसायचा. फिट्झनील म्हणतो की पटावर जशी दोन राजांची लढाई तशी इथं खजिनदार आणि वसुली अधिकाऱ्याची. त्या पटावरून खात्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. आणि तुमच्या शंकेतलं क्यू हे अक्षर याच एक्सचेकरच्या स्पेलिंगची छाया आहे. अमेरिकेत ती पडली नाही, तिथं बँकेचा चेकही साधा सी-के लावूनच लिहितात.

धोटा_जॉबर

काय सांगलालाव काका, एकदम भारी. मी साखर पेठेत यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. आमच्याकडं अजून एक चेक आहे, चेकनट. मागाला हादरा सतत, बोल्टवर एकच नट लावला तर पाळीभरात ढिला होतो. म्हणून त्याच्या पाठीवर दुसरा नट आवळायचा, दोघं एकमेकांना दाबून धरतात. तो दुसरा चेकनट. मी समजत होतो, चेक करून बसवतात म्हणून चेकनट. तुमचं वाचल्यावर कळलं, तो पहिल्या नटाला रोखतो म्हणून.

आणि पटाचं म्हणाल तर आमच्या चादरीचा मोरसुद्धा आधी घरांतच बसतो. जकार्डचा डिझाईनवाला ग्राफपेपरवर एकेक घर रंगवतो. उभं घर म्हणजे ताण्याचा धागा, आडवं घर म्हणजे बाण्याचा. रंगवलेल्या घराला धागा वर उचलायचा, मोकळ्याला खाली. त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात. एक घर चुकलं की मोराच्या पिसाऱ्यात ठिपका दिसतो, आणि चादरीत जितके मोर तितक्या वेळा दिसतो.

माण_काठ

सांगोल्याहून लिहितोय. आमच्या भागात हा शब्द चेकडॅम म्हणून घरोघरी आहे. ओढ्यावरचा सिमेंटचा बुटका बांध. याचा तपासणीशी काही संबंध नाही. पाऊस आमच्याकडं चार-दोन जोराच्या सरींत येतो आणि ओढ्यातून धावत माण नदीला जातो. बांधानं फक्त त्याची धाव मोडायची. पाणी थबकलं की गाळ खाली बसतो, पाणी मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. जास्तीचं पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, अडवून धरायचं नाही. अडीच_घर यांनी जे हात थांबण्याचं लिहिलंय ना, ते पाण्याच्या बाबतीत आम्ही दरवर्षी बघतो. मोटारीच्या पाइपात चेक व्हॉल्व्ह असतो तोही तोच, वर चढलेलं पाणी माघारी येऊ देत नाही.

अडीच_घर

जॉबर, माण_काठ, दोघांनी फार मोलाचं लिहिलंत. चेकनट आणि चेकडॅम माझ्या ध्यानातच आले नव्हते. शहरातल्या माणसाच्या तोंडी चेक म्हणजे तपासणी एवढंच उरलंय. शह हा जुना अर्थ जिवंत ठेवलाय तो मागावर आणि ओढ्यावर.

नवी_पेठ

पटलं. एक विचारतो, काउंटरफॉइलमधलं फॉइल म्हणजे चांदीच्या कागदातलंच का?

अडीच_घर

हो, दोन्ही पानापासून आले, लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. पण हिशेबातलं फॉइल एका लाकडी काठीचंही नाव होतं. त्याच एक्सचेकरमध्ये पावती म्हणून काठी वापरायचे. रकमेप्रमाणे तिच्यावर लहान-मोठ्या खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही फाळ्यांवर येतात. लांब फाळी ज्यानं पैसे दिले त्याच्याकडं, तिचं नाव 'स्टॉक'. आखूड फाळी दुसऱ्याकडं, ती 'फॉइल'. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जोडून बघायच्या. कुणी गुपचूप एक खाच वाढवली तर जोडावर लगेच उघडं पडायचं. शेअर बाजारातला स्टॉक त्या लांब फाळीचाच वंशज. ही पद्धत १८२६ मध्ये बंद झाली आणि १८३४ मध्ये साठलेल्या काठ्या पार्लमेंटच्या भट्ट्यांत घालून जाळायला काढल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की अख्खं पार्लमेंट पेटलं.

चेकिंग_टेबल

काका, मनापासून आभार. वाचून दाखवलं तर सगळं टेबल हातातलं काम ठेवून ऐकत होतं. आमच्या तेलुगूत बुद्धिबळाला चदरंगम म्हणतात, कानडीवाल्या बाई म्हणाल्या त्यांच्यात चदुरंग. म्हणजे खेळाचं जुनं नाव आमच्या घरात आहेच. त्या मुलीचे अजून दोन प्रश्न आहेत. शहा हे आडनाव याच शाहवरून आलं का? आणि चेक प्रजासत्ताक म्हणून देश आहे, त्याचं काय?

अडीच_घर

मुलगी खरंच हुशार आहे, तिला शिकवाच.

देशाचा काही संबंध नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही अगदी निराळं, सी-झेड लावून. तिथं नवी_पेठ यांची बॅट लागू पडते.

गुजराती-जैन व्यापाऱ्यांचं शहा आडनावही निराळं. ते साधु या संस्कृत शब्दाकडून, साहू, साह असं येतं. सावकार हा शब्दही त्याच घरातला. मुसलमान घरांतलं शाह मात्र फारसी शाहच. उच्चार जवळ आले म्हणून दोन वाटा एक समजू नयेत.

फारसी शाहचं मूळ जुन्या इराणी भाषेत 'राज्य करणे' या धातूत आहे, आणि संस्कृतातलं क्षत्र, ज्यावरून क्षत्रिय आलं, ते त्याचंच भावंड. म्हणजे खेळ आपल्याकडून तिकडे गेला आणि राजाचं नाव तिकडचं घेऊन परत आला, पण ते नावही नात्यातलंच.

तिला समजावताना बँकेच्या चेकपासून सुरुवात करू नका, तिथं गोंधळ होतो. आधी चेकडॅम सांगा, मग नाका, मग तुमचं टेबल, मग काउंटरफॉइल. या क्रमानं अर्थ एकातून एक उतरताना दिसतो. कापडाचा चेक मात्र वेगळा काढून पटाबरोबर सांगायचा, कारण तो या रांगेतला नाही.