आईच्या गुडघ्यांना सामारियाची घळ झेपेल का? मदत हवी आहे
मंडळी, सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ग्रीसला चाललोय आणि क्रीट बेटावरची सामारियाची घळ करायचं फार मनात आहे. एकूण १६ किमी, वर झिलोस्कालोला साधारण १२३० मीटरवर सुरुवात आणि मग उतार थेट समुद्रापर्यंत, आयिया रुमेलीला, त्या गावाला गाडीरस्ताच नाही, बोटीनेच बाहेर पडायचं, म्हणजे मध्येच दमलं तरी चालण्याशिवाय इलाज नाही.

आई ६२ची, राजगड दोनदा केलाय, चढाला काही वाटत नाही पण उतरताना उजवा गुडघा धरतो. मागच्या वेळी पाली दरवाज्याने शेवटी आडवी पावलं टाकत, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उतरली, बोलली काहीच नाही पण मला बघवत नव्हतं.

म्हणून वाटतंय की बोटीने आयिया रुमेलीला जायचं आणि खालूनच वर लोखंडी दरवाज्यापर्यंत, जिथे जवळपास ३०० मीटर उंच कडे जेमतेम ३-४ मीटरवर येतात, तेवढंच करून परत यायचं. असं कुणी केलंय का? वाटेत गोटे पायाखाली सरकतात का? बोट सुया गावाहून बरी की खोरा स्फाकियन गावाहून? आईला घळ दाखवायचीच आहे, प्लीज सांगा.