गोल्फच्या 'स्विंग'ला मराठीत काय म्हणावं?

पुण्यात नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांसाठी दोन पानी टिपण लिहितोय. 'स्विंग सुधारायचा म्हणजे' इथेच अडलो. क्रिकेटमुळे आपल्याकडे स्विंग चेंडूचा असतो. गोल्फमध्ये तो खेळणाऱ्याचा, क्लब म्हणजे काठी फिरवण्याचा; चेंडू वळलाच तर तो स्लाइस किंवा हुक. 'झोका' लिहिलं, तर बायको म्हणाली, नागपंचमीला बांधणार का? 'फटका' चालेल?

*

फटका नको. क्लब चेंडूला टेकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, फटका म्हणजे तेवढंच. सुधारायचं ते सगळं त्याच्या आधीचं. त्या क्षणापुरता विटीदांडूतला 'टोला' घ्या. आणि ग्रीनजवळून, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळून, चेंडू हलकेच उचलून टाकतात त्या चिपला 'कोलणे'. फुकटात मिळतोय शब्द.

*

क्लब मागे नेण्याला 'उगारणे' आहेच की. काठी उगारली, हात उगारला.

*

उगारणे म्हणूनच माझा घात झाला! उगारताना हात वर जातात आणि खांदे जागच्या जागी राहतात. मग क्लब बाहेरून आत तिरका उतरतो, त्याचं तोंड उघडं राहतं, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू वाहत वाहत उजवीकडच्या झाडीत. सहा महिने मी त्या झाडीतच होतो. प्रशिक्षक 'टर्न, टर्न' म्हणायचे, तर मी कमरेसकट अख्खा वळायचो, दारात कुणी हाक मारल्यासारखा. शेवटी माझी पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, दोरीला पीळ भरताना खालचं टोक धरून ठेवता ना? तसं."

खांदे साधारण ९० अंश वळतात, कंबर त्याच्या निम्मी. मधला फरक म्हणजे पीळ. तो सुटतो खालून: आधी कंबर, मग खांदे, मग हात, सगळ्यात शेवटी क्लब. 'मारायचं' म्हटलं की हात पुढे धावतात. 'पीळ सोडायचा' म्हटलं की थांबतात. निदान माझे तरी थांबले. म्हणून बॅकस्विंगला 'पीळ भरणे', डाउनस्विंगला 'पीळ सोडणे'.

*

गोफण कुणालाच आठवली नाही?

*

आठवली, पण ती डोक्याभोवती गरगर फिरते. इथे एकच फेरा.

*

लयीचंही लिहा. कसलेल्या खेळाडूंना क्लब मागे न्यायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशात तो चेंडूवर येतो. तबल्याच्या भाषेत वर जाताना बरोबरीची लय, उतरताना तिगुन. नवखे वर जातानाच तिगुन घेतात, मग उतरायला काही उरत नाही.

आणि झोक्याला अगदीच हाकलू नका. पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर चेंडू खळग्याकडे घरंगळवताना, पीळ नसतो, खांद्यांपासून घड्याळाच्या लोलकासारखं हलायचं असतं. तिथे 'हेलकावा' शोभतो.

*

आभार. अख्ख्या क्रियेला 'स्विंग'च ठेवतो, पोटात पीळ, टोला, हेलकावा. पहिली ओळ आता अशी: 'चेंडूला मारायला जाऊ नका, पीळ सुटताना चेंडू वाटेत येतो.' फॉलो-थ्रूला काही सुचतंय?

*

नाही बुवा. टोला हाणल्यावर दांडू कुठे थांबला हे आमच्या गल्लीत कुणी कधी पाहिलंच नाही. सगळे विटीकडे.