मदत हवी आहे : गोळ्या भरलेली हार्ट्स फाटताहेत, शुक्रवारी शाळेत द्यायची आहेत

शेवंती
लेकीच्या पहिलीच्या वर्गासाठी व्हॅलेंटाईनची हार्ट्स करतेय, आत गोळ्या भरून. रिकामी छान दिसतात, गोळ्या भरल्या की कडेने फाटतात. यंदा 14 तारीख शनिवारी येतेय, म्हणून शाळेत शुक्रवारीच वाटायची आहेत. चोवीस मुलं आहेत. कुणी केलं असेल तर पटकन सांगा. 'विकत आणा' हा सल्ला कृपया नको, लेकीला घरीच करायची आहेत.

नानबा
फाटतात म्हणजे तडकतात ना? साच्यात थर पातळ लागतोय. पहिला थर फ्रीजमध्ये सेट झाला की दुसरा लावा, मग भरा. कंपाउंड चॉकलेट घ्या, डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवा. भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, लगेच गुठळ्या होतात. मी दर वर्षी नातवंडांना करतो.

चिंचगूळ
कंपाउंड म्हणजे कोको बटरच्या जागी वनस्पती तेल. मुलांना ते का खायला घालायचं? खरं कुव्हर्चर, म्हणजे भरपूर कोको बटरचं चॉकलेट घ्या आणि टेम्परिंग, म्हणजे ते ठराविक तापमानाला आणून सेट करणं शिका. डार्क असेल तर 31-32 अंशांवर काम करायचं. मस्त कट्ट आवाज येतो तोडताना.

नानबा
पहिलीतल्या पोरांना कट्ट आवाज काय करायचाय? मुंबईच्या हवेत तुमचं कुव्हर्चर शाळेत पोचेपर्यंत हाताला लागेल.

शेवंती
अहो चॉकलेटची नाहीत!! कागदाची हार्ट्स आहेत. दोन कागद एकावर एक ठेवून कडेने शिवायचे, मध्ये गोळ्या. आणि मी मुंबईत नाही.

टवाळखोर
लहान मुलांना कशाला हवंय व्हॅलेंटाईन? यांचं लग्नाचं वय तरी होऊ द्या.

अक्षरवेल
टवाळखोर, अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत त्याचा तसा काही संबंध नसतो. प्रत्येकाने वर्गातल्या प्रत्येकाला द्यायचं. शाळा नावांची यादीच पाठवते, म्हणजे कुणी उपाशी राहत नाही. आपल्याकडे वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटतात तेच.

रानफूल
शेवंती, कागद कोणता? शिवण हाताची की मशीनची? टाका केवढा ठेवलाय? आत नक्की काय भरताय? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार.

शेवंती
लाल कागद, क्राफ्टचा असतो तो. मशीन. टाका जो मशीनवर असतो तो. गोळ्या म्हणजे गोळ्या, घरात होत्या त्या. आम्ही न्यू जर्सीत आहोत.

कोकणी_काका
संक्रांतीचा हलवा उरला असेल तर तोच भरा की. आपली संस्कृतीही कळेल तिकडच्या पोरांना.

रानफूल
मिळालं उत्तर. तो क्राफ्टचा कागद मऊ आणि कमजोर असतो, त्यात मशीनचा टाका बारीक. बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटांच्या शीटसारखी भोकांची रांग. भरताना जोर आला की तिथूनच फाटणार. कार्डस्टॉक, म्हणजे जाड कडक कागद घ्या. टाका 4 मिमी करा. शिवण कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर आत घ्या. उलट टाका मारून गाठ घट्ट करू नका, त्याच जागी कागद चिरतो. धागे लांब सोडून हाताने गाठ मारा. सुई जुनी लावा, कागदाने धार जाते, मग तीच कापडाला लावली तर कापड ओढलं जातं.
एका बाजूला, सरळ भागात, चार सेंटिमीटर उघडं ठेवा. वरच्या खाचेत किंवा खालच्या टोकाला उघडं ठेवलंत तर बंद करताना हमखास चुरगळणार. भरून झालं की मशीनचा पाय कडेलाच राहील असं बघा, गोळ्या दुसऱ्या बाजूला सरकवून.

ढब्बू_मिरची
एवढं शिवण्यापेक्षा ग्लू गन मारा, दोन मिनिटांचं काम.

रानफूल
सहा वर्षांच्या मुलीच्या हातात ग्लू गन? आणि आतल्या गोळ्यांच्या कागदाला गरम गोंद लागला तर?

ढब्बू_मिरची
मुलीच्या हातात कोण देतंय, आईने मारायची. ठीक आहे, दुहेरी चिकटपट्टी मारा. मशीन सगळ्यांकडे नसतं.

अक्षरवेल
'घरात होत्या त्या गोळ्या' हे वाचून थांबले. शाळेचं पत्र नीट वाचलंत ना? बऱ्याच ठिकाणी वर्गात शेंगदाणे आणि सुका मेवा चालत नाही, सुट्ट्या गोळ्याही चालत नाहीत, प्रत्येक गोळी कंपनीच्या वेष्टनात हवी. साध्या एम अँड एमच्या पाकिटावरही शेंगदाण्याची सूचना असते. काका, हलवा तर नकोच. तिकडे 1 जानेवारी 2023 पासून लेबलवर छापायच्या ॲलर्जीकारक पदार्थांत तीळ नववा आहे.

कोकणी_काका
हलवा तिळाचाच असतो असं कुणी सांगितलं? आमच्याकडे साबुदाण्याचा, खसखशीचा, लवंगेचाही करतात.

शेवंती
पत्र वाचलंय, नट-फ्री आहे ते माहीत आहे. घरात स्मार्टीज आणि डम डम्स (छोटे लॉलीपॉप) आहेत.

अक्षरवेल
मग उत्तम. भारतातल्या वाचकांसाठी : अमेरिकेतली स्मार्टीज म्हणजे चॉकलेट नाही, साखरेच्या दाबून केलेल्या चकत्यांची गुंडाळी. न्यू जर्सीतच बनतात. जिलेटिन नाही, म्हणजे वर्गात शाकाहारी मुलं असली तरी चालेल. गमी आणि मार्शमॅलो घेताना मात्र पाकीट वाचा.

रानफूल
डम डम्स आत कोंबत होतात?! काडीचं टोकच कागद फाडतंय मग. लॉलीपॉप भरायचेच असतील तर काडी शिवणीतून बाहेर काढा, तेवढीच जागा सोडून शिवा. आत फक्त स्मार्टीज, दोन-तीन पुरे.

चिंचगूळ
अवांतर : ती अक्षरं छापलेली स्वीटहार्ट्स, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या साखरेच्या गोळ्या घाला. जुनी नेको कंपनी 2018 मध्ये बंद पडली, 2019 च्या व्हॅलेंटाईनला ती मिळालीच नाहीत. मग स्पँग्लर कंपनीने सुरू केली, म्हणजे डम डम्सवालेच.

शेवंती
कार्डस्टॉक आणला, टाका मोठा केला. आठ झाली, एकही फाटलं नाही. काडी बाहेर काढली तर लेक म्हणते हे फुगे दिसताहेत, म्हणून सगळ्यांनाच तशी हवीत. रानफूल, थँक्यू. उरलेली उद्या.

नानबा
चॉकलेटची केली असती तर एव्हाना सेटही झाली असती.

टवाळखोर
कोकणी काका, साबुदाण्याच्या हलव्याला काटा येतो का हो? आमचा नेहमी गुळगुळीत राहतो.

कोकणी_काका
येतो. पाक चमच्याने थोडा थोडा घालायचा, आच मंद, हात थांबवायचा नाही. पाक किती तारी घेता?

ढब्बू_मिरची
हलव्याचा वेगळा धागा काढा.