कागदी गुलाब रात्रीतून उलगडतात, रविवारच्या आत मदत हवी आहे

सोनचाफा_जळगाव
मंडळी, लवकर सांगा कोणीतरी. रविवारी अमळनेरला मामा-मामींच्या लग्नाचा २५वा वाढदिवस आहे, त्यांच्यासाठी स्क्रॅपबुक करतेय आणि त्यावर गुलाब लावायचेत. ते गोल कापून मग चकलीसारखं आत आत कापत जायचं आणि बाहेरच्या टोकापासून गुंडाळत यायचं, ते. काल रात्रीपर्यंत ३४ केले, सकाळी उठून पाहते तर निम्मे उघडून पडलेले. मधे उरलेली गोल चकती फुलाच्या खाली चिकटवते ना, तीच सुटते. गम भरपूर लावलाय. काय चुकतंय? आणि प्लीज क्विलिंग (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून करतात ते) सुचवू नका, वेळ नाहीये.

केळीबाग_रावेर
कागद कोणता?

भुसावळचा_दादा
ग्लू गन, ती गरम पातळ गम सोडणारी, घ्या आणि मोकळे व्हा. दहा सेकंदात फूल पक्कं. मी मुलीच्या शाळेचे सगळे प्रोजेक्ट तसेच करतो.

धुळ्याची_काकू
ताई, गम म्हणजे कोणता, पांढरा, काडीचा की बाटलीतला पातळ? भरपूर लावला म्हणतेस, तीच चूक असू शकते. जास्त गम म्हणजे जास्त पाणी, कागद भिजतो आणि वाळायच्या आत गुंडाळी स्वतःच्या ताणाने उघडते. आणि दादा, आपल्याकडच्या उन्हात ग्लू गन नको. मागच्या मेमध्ये भाचीचं कार्ड बंद गाडीत मागच्या काचेपाशी तासभर राहिलं, गम मऊ होऊन फुलं घसरून खाली आली.

भुसावळचा_दादा
काकू, गाडीत ठेवायचंच कशाला? घरात काही होत नाही, चार वर्षं झाली आमच्या भिंतीवर आहेत.

सोनचाफा_जळगाव
पांढराच गम. कागद जाड आहे, चांगला आहे. तुम्ही दोघं भांडू नका ना.

पाकळी_नंदुरबार
मी कानबाईच्या, आपल्या खानदेशातल्या देवीच्या, चौरंगाला दरवर्षी क्रेपची (सुरकुत्यांच्या ताणल्या जाणाऱ्या कागदाची) झेंडूची फुलं करते. क्रेपच्या उभ्या रेघा पाकळीच्या लांबीला ठेवायच्या म्हणजे पाकळी आडवी ताणली जाते आणि मधे छान वाटीसारखा खोलगटपणा येतो. रेघा आडव्या आल्या तर ताणायला गेलं की पाकळी लांबच होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट, म्हणजे तिचा सण, असतात, त्याच्या आठ दिवस आधी करायला घ्यायची.

धुळ्याची_काकू
फार छान करता तुम्ही, पण फोटोजवळ क्रेप नको बरं का. ओलं बोट लागलं तरी रंग सुटतो, लाल तर हमखास. ताई, जाड म्हणजे किती जाड? झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो, या गुलाबाला १२० ते १६० पुरतो. २५०च्या वर गेलं की कागद सरळ व्हायलाच बघतो.

सोनचाफा_जळगाव
जीएसएम नाही माहिती काकू. विकतचा नाहीये तो. मामांच्याच लग्नाच्या पत्रिका आहेत, आजीच्या पेटीत गठ्ठा उरला होता. म्हणून तर दुसरा कागद नकोय मला.

केळीबाग_रावेर
हे आधी सांगायचं ना ताई! चकचकीत आहेत का?

सोनचाफा_जळगाव
हो, छापलेल्या बाजूने. मागून साध्या.

अहिराणी_लेक
मूळ पत्रिका कापू नका हो! आमच्या आईची एकच उरलीये, आता तीच शोधत बसतो आम्ही.

सोनचाफा_जळगाव
पाच अखंड ठेवल्यात, एक पहिल्या पानावर लावणारे.

धुळ्याची_काकू
मग कळलं. पांढरा गम कागदात मुरतो तेव्हा धरतो. चकचकीत थरात तो मुरतच नाही, वर साय धरल्यासारखा वाळतो आणि अख्खा निघून येतो. सुटलेल्या चकतीवर नख लावून बघ, पारदर्शक पापुद्रा निघेल. चकतीची जी बाजू गुंडाळीला टेकते तेवढीच बारीक पॉलिश पेपरने घास, चमक गेली की बास. पट्टी पेन्सिलवर ओढून आधी बाक दे. रिफिलवर घट्ट गुंडाळ, मग बोटं जरा सैल सोड, गुलाब हवा तेवढा फुलू दे आणि तिथेच धर. चकतीवर गमचा हरभऱ्याएवढा थेंब, आणि फूल पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पालथं घालून रात्रभर तसंच ठेव. झाकणाची कड ते उघडू देत नाही. मोठं असेल तर बरणीचं झाकण घे.

पाकळी_नंदुरबार
कूलरसमोर बसून करता का? मी एकदा केलं होतं. कूलरची हवा ओली, कागद मऊ पडतो आणि गम वाळत नाही.

सोनचाफा_जळगाव
हो, कूलरच्या अगदी पुढ्यात ताट ठेवलं होतं वाळायला 😟 पंख्याने लवकर वाळेल असं वाटलं.

केळीबाग_रावेर
आत्ता नाही, पण पुढच्या वेळी केळीच्या कागदाचं बघा. आमच्याकडे घड उतरला की खोड बांधावर पडून राहतं, त्याच्या धाग्याचा कागद होतो. हाताला खरबरीत लागतो, गम लगेच पितो.

भुसावळचा_दादा
रावेरला मिळतो का तयार? मुलीला हवाय.

सोनचाफा_जळगाव
काकू, पापुद्रा खरंच निघाला, अख्खा गोल! काल २२ केले, घासून, झाकणात घालून, आतल्या खोलीत कूलर बंद ठेवून. सकाळी २० जसेच्या तसे. एका गुलाबाच्या बाहेरच्या पाकळीवर 'शुभविवाह'मधलं 'शुभ' बरोब्बर आलंय, सोनेरी अक्षरात. तो पहिल्या पानावर पत्रिकेच्या बाजूला लावते.

धुळ्याची_काकू
उंची किती त्याची?

सोनचाफा_जळगाव
पाऊण इंच असेल.

धुळ्याची_काकू
मग आत नको, अल्बम मिटला की चेपेल आणि समोरच्या फोटोवर वण उठेल. 'शुभ' कव्हरवर लाव. आतल्या पानांना बांधणीच्या कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटव म्हणजे पानांत जागा राहील, आणि आत लावायचे ते गुलाब अर्ध्या उंचीचे कर, पट्टी अरुंद कापून.