मदत हवी आहे: कांद्याच्या मुळांत औषधाशिवायही गुणसूत्रांचे पूल

लातूरला बीएस्सीच्या प्रात्यक्षिकासाठी कांद्याची मुळं (१६ गुणसूत्रं) घेतोय. एटोपोसाइड या औषधाने टोपोआयसोमरेज-२ (डीएनएचे गुंते सोडवणारं विकर) अडवलं की गुंतलेले डीएनए सुटत नाहीत, अ‍ॅनाफेजमध्ये (पेशी विभागताना गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे खेचली जातात तेव्हा) पूल उरतात, हे मुलांना दाखवायचंय. पण नुसत्या पाण्यातल्या मुळांतही पूल दिसताहेत: दोन ध्रुवांमध्ये ताणलेला बारीक लाल धागा, कधी शेजारी सुटा तुकडा.

मुळं सकाळी कापतो. ३:१ इथेनॉल-अ‍ॅसेटिक आम्लात २४ तास, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ मिनिटं, मग अ‍ॅसिटोकार्मिन. कांदे बदलले, पाणी रोज बदललं, स्लाइडवरचा दाबही कमी केला. खोली दुपारी ३८ अंशांवर जाते. बरण्यांना ओलं गोणपाट गुंडाळल्यावर पूल कमी झाले, पण गेले नाहीत.

सेपरेजचा (कोहेसिन कापणाऱ्या विकराचा) दोष वाटत नाही. क्रोमॅटिडना (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींना) बांधून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन कापलंच नसतं तर ते एकमेकांना चिकटूनच राहिले असते. खरी पंचाईत तुकड्यांची: तुकडा ही गुंत्याची नव्हे, डीएनए तुटल्याची खूण, आणि एटोपोसाइडमुळेही डीएनए तुटतो. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही, साधा १००० पटीचा आहे.

तुकडा नसलेला पूल तेवढाच गुंत्याचा धरावा का? आणि डीएनए न तोडणारा टोपोआयसोमरेज-२ रोधक कांद्याच्या मुळांवर कुणी वापरलाय का, किती मात्रेत, किती तास?