ग्रीडीचं उत्तर ऑप्टिमल (सर्वोत्तम) आहे का, हे तपासत बसावं का?

तुर्भेकर : तुर्भ्याच्या गोदामात पाच गाड्या लागल्यात, उतरवायला दोन माथाडी टोळ्या. गाड्यांचे तास ३, ३, २, २, २. आमचं सॉफ्टवेअर ग्रीडी, म्हणजे पुढचा विचार न करता त्या क्षणी बरं दिसेल ते निवडणारं : सगळ्यात मोठी गाडी आधी, आणि जी टोळी मोकळी तिला. दोघींना ३-३, मग २-२, उरलेली कुणाही एकीला. ७ तास. पण ३-३ एकीला आणि तिन्ही दोनवाल्या दुसरीला दिल्या तर ६ तासांत काम संपतं. एकूण काम १२ तासांचं, टोळ्या दोन, ६ च्या खाली जाणंच शक्य नाही. ग्रीडीच्या उत्तराशेजारी ही खालची मर्यादा दाखवलीच पाहिजे. नाहीतर ७ बरे की वाईट, मुकादमाला कळणार कसं?

घणसोलीकर : पटत नाही. गणितज्ञ ग्रॅहमने १९६९ मध्येच सिद्ध केलंय, ही पद्धत दोन टोळ्यांना सर्वोत्तम वेळेच्या ७/६ पटीपलीकडे नेत नाही. तुमचं उदाहरण नेमकं त्या टोकाचं. शिवाय ‘३ तास’ हाच अंदाज, गोण्या भिजल्या की अर्धा तास वर. आणि गाड्या ३, ३, ३ असल्या तर? मर्यादा ४.५, ग्रीडी ६, आणि सर्वोत्तमही ६च. तुमचा आकडा दीड तास वाया गेल्याची खोटी बोंब मारेल.

तुर्भेकर : तीन गाड्या, दोन टोळ्या, म्हणजे एकीच्या वाट्याला दोन येणारच. ३+३=६. मर्यादा कच्ची होती, ती घट्ट करता येते. ७/६ ही कुठल्याही गाड्यांसाठीची हमी, आजच्या गाड्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि तो जादा तास पाठीवर गोणी घेणाऱ्या माणसांचा आहे.

कळवा_नाका : अशा प्रश्नांत उत्तर शोधणं अवघड, पण तपासणं सोपं असतं ना?

घणसोलीकर : ‘६ तासांत होतं’ हे तपासणं सोपं, कुणी वाटणी दाखवली की झालं. ‘६ पेक्षा कमी होतच नाही’ याला दरवेळी असा आटोपशीर पुरावा मिळेल, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून म्हणतो, नादी लागू नका.

ठाणे_पूर्व : दरवेळी नसेल, पण पुष्कळदा मिळतो. फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नात (सगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन परत यायचं, तेही कमीत कमी अंतरात) ८५,९०० ठिकाणांचा सर्वात छोटा मार्ग २००६ मध्ये ‘कॉनकॉर्ड’ या संगणक-प्रोग्रॅमने सिद्ध करून काढला. तुमच्या पाच गाड्यांच्या वाटण्या तर अवघ्या १६.

घणसोलीकर : सणासुदीला चाळीस गाड्या लागतात, तेव्हा सगळ्या वाटण्या तपासणार?

तुर्भेकर : सगळ्या नाही. मर्यादा आणि ग्रीडी जुळले तर तिथेच थांबायचं, फरक पडला तरच पुढे शोधायचं.